म्युझिक व्हिडिओ, विद्यार्थिनिर्मित (रॉक) : संशोधन व नियोजन

महाविद्यालयीन किंवा माध्यमशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी रॉक गीतावर व्हिडिओ करण्यापूर्वीची तयारी. गीताची मोजणी, नमुना व्हिडिओंचे पृथक्करण, ट्रीटमेंट (व्हिडिओच्या कल्पनेचा लेखी आराखडा), शॉट-विभागणी, रेकी (स्थळाची आगाऊ पाहणी), परवानग्या आणि कॉलशीट (चित्रणदिवसाचे वेळापत्रक) हे तिचे भाग. स्थळविषयक उदाहरणे नाशिक व परिसरातील घेतली आहेत.

उगम : म्युझिक व्हिडिओचा आरंभ कोठे धरावा याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. सर्वांत मागे जाणारे मत १८९४ पर्यंत पोचते. त्या सुमारास न्यूयॉर्कमधील प्रकाशक एडवर्ड मार्क्स व जोसेफ स्टर्न यांनी आपल्या गीताच्या खपासाठी मॅजिक लँटर्नने पडद्यावर काचचित्रे दाखवत ते गाऊन घेतले. मराठी वाचकाला येथे कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका, म्हणजे मॅजिक लँटर्नचाच खेळ, आठवेल. ती साधारण १८९२ पासूनची असून तिलाही निवेदन-संगीताची जोड असे. मात्र तिचा हेतू कथा सांगण्याचा होता, गीत विकण्याचा नव्हता. त्यामुळे तिला या परंपरेत ओढणे फारसे योग्य वाटत नाही. दुसरे मत १९४० च्या दशकातील साउंडीजचे. पॅनोरॅम नावाच्या यंत्रात दहा सेंटचे नाणे टाकले की १६ मिमी फितीवरील गाणे दिसे. एका फितीवर आठ गाणी असत व निवड करता येत नसे. फ्रान्समधील स्कोपिटोन यंत्राने १९६० पासून निवडीची सोय दिली. 'म्युझिक व्हिडिओ' हा शब्द अमेरिकन गायक जे. पी. रिचर्डसन यांनी १९५९ मध्ये वापरला, असा दावा वारंवार उद्धृत होतो. तो सावधपणेच स्वीकारावा.

रॉकपुरते बोलायचे तर बीटल्स या गटाच्या १९६६ मधील प्रसारफिती आणि क्वीन या गटाची १९७५ मधील फीत हे दोन टप्पे बहुतेक ग्रंथकार मान्य करतात. दुसरी फीत सुमारे चार तासांत चित्रित झाल्याचे सांगतात. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली आणि हा प्रकार उद्योग बनला. भारतात चॅनल व्ही १९९४ मध्ये व एमटीव्ही १९९६ मध्ये आली.

भारतीय अभ्यासकांचा एक गट मात्र चित्रपटगीतालाच या प्रकाराचा पूर्वज मानतो. सुरुवातीच्या बोलपटांत वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर लपवून गाणे जागेवरच मुद्रित करीत. गाणे आधी मुद्रित करून नंतर त्यावर ओठ हलवण्याची पद्धत रुळवण्याचे श्रेय सामान्यतः कोलकात्याच्या न्यू थिएटर्समधील नितीन बोस यांच्या १९३५ मधील 'धूप छाँव'ला देतात. नियोजनाच्या दृष्टीने हे मत अधिक उपयोगी आहे, कारण विद्यार्थ्यापुढची मूळ अडचण तीच असते : आवाज आधी कायम झालेला आहे आणि चित्राने त्याच्यामागून जायचे आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा (१८७०) आणि १९१३ नंतरची त्यांची चित्रपटनिर्मिती नाशिकची. पण ते मूकपट असल्याने उगमाच्या वादात त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही.

संशोधन : ब्रिटनमधील ओसीआर मंडळाच्या ए-लेव्हल माध्यम अभ्यासक्रमातील जुन्या प्रकल्पघटकात संशोधन व नियोजनाला १०० पैकी २० गुण होते, निर्मितीला ६० आणि मूल्यमापनाला २०. तिथली शिकवणी टिपणे इंटरनेटवरून आपल्याकडेही पोचली. त्यांत म्युझिक व्हिडिओचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांच्या नावाने सहा मुद्द्यांची यादी आढळते. गुडविन यांच्या १९९२ मधील मांडणीचा गाभा शब्द-चित्र संबंधाच्या तीन रीतींत आहे : चित्र शब्दांचे थेट दर्शन घडवते, त्यांच्या अर्थात भर घालते किंवा त्यांच्यापासून फारकत घेते. ई. अ‍ॅन कॅप्लन यांनी १९८७ मध्ये उत्तर-आधुनिक सिद्धान्तातून प्रतिमांच्या तुटकपणावर भर दिला होता. गुडविन यांनी संगीताची रचनाच चित्राला एकसंध ठेवते, असे उत्तर दिले. एडिटिंगच्या टाइमलाइनवर बसून काम केलेल्याला गुडविन जवळचे वाटतात.

पृथक्करणासाठी तीन व्हिडिओ पुरतात : एक त्याच शैलीचा, एक तेवढ्याच साधनांत केलेला, एक मराठी. प्रत्येकातील शॉट मोजावेत, कालावधीला त्या संख्येने भागून सरासरी काढावी, आणि वादकांचा गट वाजवतानाचे शॉट किती, कथेचे किती हे वेगळे लिहावे. 'एनर्जी जबरदस्त आहे' अशी नोंद वहीत असली तर तिच्यावरून एकही शॉट ठरवता येत नाही.

गीताची मोजणी : ट्रीटमेंट लिहिण्यापूर्वी गाणे मोजावे. हा क्रम उलटला की कल्पना सुंदर पण गाण्यात न मावणारी ठरते. मिनिटाला १२० ठोके आणि चार ठोक्यांचा बार (तालाचे एक आवर्तन) असेल तर एक बार २ सेकंदांचा. ३ मिनिटे ३० सेकंदांच्या गाण्यात १०५ बार बसतात. नमुन्यादाखल : आरंभीचा रिफ (पुन्हापुन्हा येणारा वाद्याचा तुकडा) ८, पहिले कडवे १६, कोरस (धृपद) ८, दुसरे कडवे १६, कोरस ८, ब्रिज (वेगळ्या चालीचा मधला भाग) ८, गिटार सोलो १६, दुहेरी कोरस १६, शेवटचा रिफ ८, अखेरचा घुमणारा ठोका १. कडव्यांत व रिफमध्ये दोन बारांना एक शॉट, कोरस व सोलोत प्रत्येक बारला एक आणि ब्रिजमध्ये चार बारांना एक धरला तर ७५ शॉट होतात, सरासरी २.८ सेकंद. हा आकडा हाती आला की एका दिवसात काय जमेल हे वाद न घालता ठरते.

एका ठोक्यात किती फ्रेम याचा हिशेब सोपा आहे : ६० गुणिले फ्रेमवेग (सेकंदाला किती फ्रेम), भागिले मिनिटाचे ठोके. २५ फ्रेमवर १२० ठोक्यांचा एक ठोका १२.५ फ्रेमचा येतो. कट आळीपाळीने १२ व १३ फ्रेमवर पडतात, पण बार बरोबर ५० फ्रेमचा असल्याने चूक साचत नाही. १२५ ठोके असतील तर १२ फ्रेम नेमक्या. गटाने क्लिकशिवाय (कानात वाजणाऱ्या तालखुणेशिवाय) मुद्रण केले असेल तर हे गणित लागू नाही. कोरसला ड्रमर पुढे धावतो आणि पाचव्या-सहाव्या बारापासून खुणा सरकतात. अशा वेळी प्रत्येक बारची पहिली थाप कानाने ऐकून टाइमलाइनवर खूण करावी. तासाभराचे काम आहे.

गाण्याचे मिक्स (सर्व वाद्ये व आवाज मिळून झालेले अंतिम मुद्रण) कायम झाल्याशिवाय चित्रण ठरवू नये. आवाजाची पातळी नंतर बदलली तर बिघडत नाही, पण ध्वनिमुद्रकाने सुरुवातीचा अर्धा बार कापला तर आखलेला प्रत्येक शॉट सरकतो.

ओठांचा व हातांचा मेळ : आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवतो, मागे पडला तर सुमारे १२५ पर्यंत जाणवत नाही. निसर्गात आवाज नेहमी दृश्यामागूनच येतो, म्हणून हा फरक. त्यामुळे शंका असेल तेथे आवाज एक फ्रेम मागे ठेवणे सुरक्षित.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २५ फ्रेमवर १४ मीटरला एक फ्रेम. स्पीकर गायकापाशी आणि कॅमेरा लांब भिंगासह २८ मीटरवर असेल तर कॅमेऱ्याच्या माइकवरचा आवाज दोन फ्रेम उशिरा नोंदला जातो. त्या आवाजाच्या लहरींशी मूळ गाण्याच्या लहरी जुळवून मिळवणी केली की गाणे तेवढेच मागे पडते आणि ड्रमच्या काठ्या आवाजाआधी आपटताना दिसतात. गंगापूर धरणाच्या काठावरील दूरच्या शॉटमध्ये ही चूक हमखास होते. उपाय म्हणजे गाणे टाइमलाइनवर दोन फ्रेम आधी सरकवणे. ड्रोनवर आवाज नोंदला जात नाही. तेथे ड्रमरने सुरुवातीला काठ्या डोक्यावर धरून एकदा आपटाव्यात, तीच क्लॅप (आवाज व चित्र जुळवण्याची खूण).

प्लेबॅकच्या (चित्रण करताना वाजवायच्या मुद्रित गाण्याच्या) फाइलीत गाण्याआधी चार ठोक्यांची बीप भरावी, नाहीतर पहिला शब्द दर टेकला हुकतो. फोनवरील चित्रण बदलत्या फ्रेमवेगाचे असते. एडिटपूर्वी ते स्थिर वेगात रूपांतरित करावे. २९.९७ ची क्लिप ३० समजून लावली तर ३ मिनिटे ३० सेकंदांत सहा फ्रेमचा फरक पडतो : पहिले कडवे जुळलेले, शेवटचा कोरस सुटलेला. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट व स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे येत नाहीत. १२० फ्रेमवर शटर १/१०० इतके मंद ठेवताच येत नाही, म्हणून घरच्या दिव्यांखाली तो वेग टाळावा. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर गाणे दुप्पट वेगाने वाजवून ५० फ्रेमवर टिपावे व २५ वर चालवावे. गायकाला चार ओळी जमतात. ड्रमरला २४० ठोके जमत नाहीत, तेव्हा त्याला त्या चौकटीत घेऊ नये.

तालीम : सोलो बहुधा स्टुडिओत सुचेल तसा वाजवलेला असतो आणि महिन्याने गिटारवादकाला तो आठवत नाही. जवळच्या शॉटमध्ये बोटे भलत्या पट्टीवर दिसली तर वाजवणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला ती दिसतात. म्हणून निदान दोन आठवडे आधी त्याने स्वतःचाच सोलो मुद्रणावरून पुन्हा बसवावा. गिटारला केबल जोडलेली असावी आणि अ‍ॅम्पचा लाल दिवा लागलेला असावा. या दोन गोष्टी सर्वाधिक विसरल्या जातात. झांजांना खालून कापड चिकटवावे किंवा रबरी म्यूट लावावेत, अन्यथा खरी झांज प्लेबॅक गिळून टाकते आणि गायक अंदाजाने ओठ हलवू लागतो.

रॉकमध्ये नाशिक ढोल घालण्याची ओढ स्वाभाविक आहे आणि ती जपावी. तो आवाज इथल्या मुलांचा स्वतःचा आहे. पथके गणेशोत्सवाआधीच्या महिन्यांत सरावात असतात, तेव्हा माणसे एकत्र मिळतात. चाळीस ढोलांपुढे कोणताही स्पीकर चालत नाही. पथकप्रमुखाच्या कानात क्लिक द्यावा, बाकीच्यांनी त्याच्या हाताकडे पाहावे, आणि ढोलाच्या पानांवर (वाजवायच्या बाजूंवर) चादरीचे तुकडे बांधून हलक्या हाताने वाजवावे.

स्थळे व रेकी : रेकी चित्रणाच्याच वेळी आणि शक्यतो त्याच महिन्यात करावी. द्राक्षबागेचे उदाहरण बोलके आहे. फेब्रुवारीत घडांनी लगडलेली, हिरव्या छताची बाग पाहून मे महिन्याची तारीख घेतली तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तेथे तारा, खुंट आणि नुकती फुटलेली पालवी एवढेच उरते. हिरवी चौकट हवी असेल तर डिसेंबर ते मार्चचा आरंभ हा काळ. मालकाला फवारणीचा दिवस विचारावा. फवारलेल्या ओळीत गटाला उभे करू नये. थंड गाडीतून उबदार, दमट हवेत काढलेल्या भिंगावर दव धरते, म्हणून कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवून मग उघडावा.

पांडवलेणी त्रिरश्मी डोंगराच्या उत्तर उतारावर असल्याने हिवाळ्यात तेथे दिवसभर मऊ, सावलीचा उजेड मिळतो. मात्र ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. परवानगीशिवाय स्टँड, दिवे व वाद्ये नेता येत नाहीत, आणि पायऱ्यांवरून ड्रमकिट चढवण्याला माणसे वेगळी लागतात. गोदाघाटावर पहाटेची वेळ सोडली तर गर्दी आवरत नाही. नांदूर मध्यमेश्वर हे रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानलेले, पाणथळ क्षेत्र. तेथे प्लेबॅक लावण्याचा विचारच करू नये. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील रिकामी शेड रॉकला शोभतात व पावसातही उपयोगी पडतात.

सार्वजनिक जागांसाठीची राज्याची एक खिडकी परवानगी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत मिळते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. या वेळेत कानातील प्लेबॅक वापरावा. ड्रोनसाठी २०२१ च्या नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. देवळालीची लष्करी हद्द, ओझरचा विमानतळ आणि नाशिकरोडची नोटछपाई लक्षात घेता शहरात 'कुठेही उडवू' असे गृहीत धरता येत नाही.

भाड्याच्या १००० वॅटच्या पार लाइटला (रंगमंचावरील झोतदिव्याला) सुमारे ४.३ अँपिअर लागतात. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर एकच लावता येतो. दोन लावल्यास बोर्ड तापतो. सभागृहाची जागा घेताना १६ अँपिअरचे सॉकेट किती व कोणत्या भिंतीवर, हे रेकीतच मोजावे.

हक्क : स्वतःच्या गटाचे गाणे सर्वांत सोयीचे, तरी गीतकार, वादक व ध्वनिमुद्रक यांची लेखी संमती घ्यावी. दुसऱ्याच्या गाण्यात रचनेचा व ध्वनिमुद्रणाचा असे दोन वेगळे हक्क असतात. प्रताधिकार कायद्याच्या (१९५७) कलम ५२ मधील शैक्षणिक सवलती वर्गापुरत्या आहेत. यूट्यूबवर चढवण्याला त्या पुरत नाहीत.

कॉलशीट : चार वादकांचे प्रत्येकी तीन आणि संपूर्ण गटाचे तीन असे १५ अखंड टेक धरले तर कॅमेरा ५२ मिनिटे चालतो, पण एका टेकमागे पुन्हा उभे राहण्यासकट दहा मिनिटे धरून अडीच तास राखावे लागतात. प्रकाशयोजना यात धरलेली नाही. गटाचे टेक आधी घ्यावेत, कारण घाम व थकवा तेथेच सर्वांत जास्त दिसतो. १०० मेगाबिट वेगाने एवढ्या चित्रणाला सुमारे ४० जीबी जागा लागते. जागा सोडण्यापूर्वी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती कराव्यात, आणि फाइलींची संख्या व आकार दोन्ही प्रतींत जुळल्याचे एकाच ठरलेल्या व्यक्तीने पाहिल्यावरच कार्ड पुसावे.