साहेबांची डायरी (बेळगाव सीमाभाग)

मंत्री, पालकमंत्री किंवा वरिष्ठ आमदार-खासदार यांच्या ऑफिसात भेटी, बैठका, दौरे, लग्नं, उद्घाटनं नि सांत्वनाच्या भेटी यांचं जे रोजचं टिपण ठेवतात ते म्हणजे साहेबांची डायरी, आणि ते ठेवायचं, पाळायचं, ऐनवेळी मोडून परत बसवायचं सगळं कामही याच नावात येतंय. निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी भागातला मराठी माणूस काम घेऊन बेळगावच्या सर्किट हाऊसला नाहीतर थेट बेंगळुरूला जातो तेव्हा त्याची पहिली गाठ मंत्र्याशी पडत नाही, डायरी ज्याच्या हातात आहे त्या पीएशी पडते. कुणाला दहा मिनिटं मिळाली नि कोण बाहेर बाकड्यावर बसून परत गेलं यावर कुठल्या गावचा रस्ता, कुठली शाळाखोली, कुणाची बदली पुढं सरकणार हे बऱ्याचदा ठरतंय, त्यामुळं याला नुसतं कारकुनी काम समजणं चूक आहे.

कोण सांभाळतं

एकटा माणूस कधीच नसतो. बेंगळुरूला विधानसौध-विकाससौध या विधिमंडळ नि मंत्र्यांच्या कचेऱ्यांच्या इमारतींतल्या ऑफिसात सरकारी नोकरीतले खाजगी सचिव, स्वीय सहाय्यक, विशेष अधिकारी असतात, त्यांच्याकडं फायली, खात्याच्या बैठका, विधिमंडळाचं कामकाज. मतदारसंघात घरच्या ऑफिसात वेगळा पीए, हा बहुतेक कार्यकर्त्यांतनंच वर आलेला, कुठल्या गावात कुणाचं कुणाशी जमत नाही हे त्याला तोंडपाठ. शिवाय गनमॅन नि ड्रायव्हर, आणि हे दोघे डायरीचाच भाग धरायला पाहिजेत, कारण साहेब लग्नाच्या मांडवात कुणाच्या खांद्यावर हात टाकून "बुधवारी येतो की" म्हणाले तर ते ऐकणारा गनमॅन एकटाच असतो, आणि त्यानं गाडीत बसल्यावर पीएला फोन करून सांगितलं नाही तर बुधवारी त्या गावात शंभर खुर्च्या मांडून लोक वाट बघत बसतात.

सगळी भांडणं इथनंच सुरू होतात. बेंगळुरूच्या डायरीत एक, घरच्या डायरीत दुसरं, आणि साहेबांच्या तोंडी कबुलीत तिसरंच. जुनी जाणती पीए मंडळी म्हणूनच एक नियम कडक पाळतात: होकार एकाच माणसानं द्यायचा, बाकीच्यांनी "विचारून सांगतो" एवढंच म्हणायचं. मोबाईलवरचं कॅलेंडर आता सगळ्यांकडं असतंय, दोन्हीकडच्या ऑफिसांना एकदम दिसतंय, सोय चांगली आहे, पण खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडं जंगलात गेलं की रेंज जाते, आणि मग कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं पानच कामाला येतं. पेन्सिल कशाला, तर खोडायला लागतंय म्हणून. पक्कं झालेलं तेवढं पेनानं.

एक पान

मतदारसंघातल्या साध्या दिवसाचं पान साधारण असं दिसतंय. सकाळी ७ ते ९ घरी नाहीतर सर्किट हाऊसला लोकांच्या भेटी. ९ वाजता एका गावात रक्षाविसर्जन, तिथं वेळेवरच जायला लागतंय, कारण रक्षाविसर्जनाला उशीर झालेला माणूस लोक विसरत नाहीत. ११ ला जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक. १२.३५ ची अक्षता निपाणीत, त्याच मुहूर्तावर दुसरी बेळगावात, तिसरी खानापुरात. ४ वाजता रस्त्याच्या कामाला कुदळ मारायची. ६ ला देवळाचा कळस किंवा वास्तुशांती. रात्री सांबऱ्याहून विमान, ते नसेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेस.

हे पान कागदावर बसतंय, रस्त्यावर बसत नाही. बेळगाव हा क्षेत्रफळानं कर्नाटकातला सगळ्यात मोठा जिल्हा, विधानसभेचे १८ मतदारसंघ, बेळगाव नि चिकोडी हे लोकसभा मतदारसंघ, शिवाय खानापूर नि कित्तूर उत्तर कन्नड लोकसभेत. बेळगाव ते निपाणी हायवेनं पाऊणशे किलोमीटर, अथणी म्हटलं तर तीन तास तरी जातात, आणि शहरातनं बाहेर पडतानाच टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं तर एस्कॉर्टची गाडी पुढं असून उपयोग नाही. म्हणून चांगला पीए दोन कार्यक्रमांच्या मधे गुगलनं दाखवलेली वेळ लिहीत नाही, त्यात हार-तुरे, फोटो, चहा आणि वाटेत गाडी अडवून निवेदन देणारे धरून वेळ लिहितो. तीन अक्षतांचा प्रश्न असा सुटतो की एका ठिकाणी साहेब स्वतः, दुसऱ्या ठिकाणी आदल्या दिवशी हळदीला जाऊन आलेले, तिसऱ्या ठिकाणी भाऊ, मुलगा नाहीतर वहिनी. पण कुणाकडं घरातलं माणूस पाठवलं हे डायरीत लिहून ठेवायला लागतंय, त्याच घरी पुढच्या कार्याला परत दुसराच गेला तर ते नातं तुटलं म्हणून समजायचं.

वर्षाच्या ठरलेल्या तारखा

काही पानं वर्ष सुरू व्हायच्या आधीच भरलेली असतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट नि १ नोव्हेंबर या तीन दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी ध्वजारोहण पालकमंत्र्यांच्या हातून होतं. केडीपी, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या खात्यांचा आढावा, दर तीन महिन्याला. मंत्रिमंडळाची बैठक बहुतेक गुरुवारी, त्यामुळं गुरुवारी मतदारसंघात कुणाला शब्द द्यायचा नाही. २३ ते २५ ऑक्टोबर कित्तूर उत्सव, जानेवारीत संगोळ्ळी रायण्णा उत्सव, सौंदत्तीला यल्लम्माची जत्रा.

मराठी भागात याच्या जोडीला दुसरं पंचांग उघडून बसायला लागतंय. १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, मिरवणूक निघते नि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या निषेधात मराठी लोक त्याच दिवशी काळा दिवस पाळतात. १७ जानेवारी हा १९५६ मधल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन, नि १ जून हा १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा. या दिवसांना मराठी वस्तीत हार-तुऱ्याचा सरकारी कार्यक्रम ठेवायचा नाही, हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नाही पण इथल्या प्रत्येक पीएला माहीत असायला पाहिजे. बाहेरच्या जिल्ह्यातनं आलेला अधिकारी इथंच फसतो. बेळगावची पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि दुसऱ्याच दिवशी अक्षय्य तृतीयेला बसव जयंती. दोन्हीकडं साहेब पाहिजेत, आणि एकीकडं जास्त थांबले, दुसरीकडं पाच मिनिटांत उठले, एवढ्यावर पेपरात बातमी होते. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक तर रात्रभर चालून पहाट होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ची बैठक लावणं म्हणजे नुसता कागद खराब करणं.

अधिवेशनाचे दिवस

बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन पहिल्यांदा २००६ साली भरलं. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधाचं उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते झालं, आणि आता हिवाळी अधिवेशन बहुतेक डिसेंबरात तिथं होतं. ते जेमतेम दोन आठवडे डायरी सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा असतात, कारण अख्खं बेंगळुरू इथं उतरलेलं असतंय आणि साहेब तर घरातच आहेत असं समजून मतदारसंघातलाही प्रत्येक माणूस यायला लागतो. प्रश्नोत्तराच्या तासाला खात्याचा वार ठरलेला असतो, त्या वेळेला साहेब सभागृहात पाहिजेतच. बाहेर कोंडसकोप्पजवळ आंदोलनाचे तंबू, ऊसवाले, अंगणवाडीताई, शिक्षक, सगळ्यांना मंत्र्यानं तंबूत येऊन निवेदन घ्यावं असं वाटतं आणि त्यांचं बरोबरच आहे, लांबून आलेली असतात ती. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महामेळावा जाहीर करते, परवानगी नाकारली जाते, नाकाबंदी लागते, म्हणून पहिल्या दिवशी शहरातल्या कुठल्याही कार्यक्रमाला डायरीत अर्धा तास जास्तच धरतात.

सीमेवरचा दौरा ठरतो कसा नि मोडतो कसा हे २०२२ च्या डिसेंबरात सगळ्यांनी बघितलं. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाच्या समन्वयासाठी नेमलेले चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई हे मंत्री आधी ३ डिसेंबरला बेळगावला येणार होते, मग महापरिनिर्वाण दिनाचा विचार करून तारीख ६ डिसेंबर झाली, कर्नाटकानं कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन येऊ नका म्हणून कळवलं आणि शेवटी दौरा झालाच नाही, त्याच ६ तारखेला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडफेक झाली. एका दौऱ्याची तारीख दोन सरकारांत कशी ओढली जाते हे त्यात दिसतं. गाठीभेटीसाठी थांबलेल्या इथल्या मराठी लोकांना मात्र शेवटपर्यंत पेपरातनंच कळत राहिलं.

दुसरं उदाहरण वेगळ्या जातीचं. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याच्या शताब्दीसाठी २६ डिसेंबर २०२४ ला कार्यकारिणीची बैठक शहरात झाली आणि २७ ला मोठी सभा होती. २६ च्या रात्री माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग गेले. सभा रद्द, ती पुढं २१ जानेवारी २०२५ ला झाली. अशा रात्री राज्यातल्या प्रत्येक मंत्र्याच्या ऑफिसात पुढच्या सगळ्या दिवसांची पानं एकदम पुसायची असतात, आणि रद्द केलेलं कळवणं हे ठरवण्यापेक्षा अवघड, कारण मांडववाला, आचारी, शाळेतली पोरं, सगळ्यांना फोन जायला पाहिजे.

भाषा नि शिष्टाचार

दौऱ्याचा सरकारी कागद कन्नडमधे निघतो. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, एसपी, जिल्हा पंचायत, तहसीलदार यांना तो गेला की सर्किट हाऊसच्या खोल्या, तालुक्याच्या ठिकाणचं प्रवासी मंदिर, एस्कॉर्ट, वीज असं सगळं त्यावर हलतं. खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीणमधल्या लोकांची निवेदनं मराठीत येतात, आणि इथं डायरीवाल्याचं काम दुप्पट होतं. माणूस काय म्हणतोय ते ऐकून, खात्याला कळेल असं दोन ओळी कन्नडमधे वर लिहून फाईलला लावली तर ते काम चालतं, नाहीतर ते निवेदन हारांबरोबर गाडीच्या मागच्या सीटवर राहतं. भाषिक अल्पसंख्याक म्हणून मराठीत कागद मिळावेत ही मागणी जुनी आणि रास्त आहे. तोवर दोन्ही भाषा लिहिता येणारा एक माणूस ऑफिसात असलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

निमंत्रणपत्रिकेवरच्या नावांचा क्रम हाही डायरीतच येतो. सरकारी कार्यक्रमाचं अध्यक्षपद तिथल्या आमदाराकडं, तो विरोधी पक्षाचा असला तरी, आणि नाव राहिलं तर हक्कभंगाची भाषा सुरू होते. आचारसंहिता लागली की सरकारी दौरा नि प्रचार एकत्र करता येत नाही, सरकारी गाडी प्रचाराला नाही, त्यामुळं त्या काळात दोन वह्याच वेगळ्या ठेवतात.

मोकळी जागा

पावसाळ्यात डायरी नदीच्या हातात जाते. कोयनेतनं नि राजापूर बंधाऱ्यातनं सोडलेलं पाणी कृष्णेला आलं, दूधगंगा-वेदगंगा चढल्या की कल्लोळ-येडूरसारखे खालचे पूल बुडतात, चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणीत ठरलेलं सगळं बाजूला ठेवून बाहेर पडावं लागतं. ऑगस्ट २०१९ चा महापूर इथं कुणी विसरलेलं नाही. ऊसदराचं आंदोलनही असंच, गाळप सुरू व्हायच्या तोंडावर कधी रस्ता अडेल सांगता येत नाही.

पण मोकळी जागा खरी लागते ती पुरासाठी नव्हे, ओळख नसलेल्या माणसासाठी. कणकुंबीच्या बाजूचा एखादा म्हातारा पहाटेच्या एसटीनं येतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारासारखा उतारा, जुना अर्ज, त्यावरची पोच, आणि "साहेब आहेत काय हो?" एवढंच विचारून भिंतीला टेकून उभा राहतो. त्याच्याकडं कुणाची चिठ्ठी नाही, त्यानं फोन करून वेळ घेतलेली नाही. आतले दहा जण कंत्राटाचं, बदलीचं बोलून निघतात आणि ९ वाजता साहेब गाडीत बसतात. जे पीए रोजच्या पानावर पाऊण तास कुणाच्याच नावानं न लिहिता राखून ठेवतात, आणि त्या वेळेत कुठल्याही पुढाऱ्याला घुसू देत नाहीत, त्यांची डायरी चांगली, बाकी कितीही सुबक लिहिलेली असो. काही ठिकाणी तर पीए स्वतः साडेसहालाच बाहेर येऊन बाकड्यावरच्यांची नावं, गाव, काम असं लिहून घेतात आणि लांबच्या गावच्यांना आधी आत सोडतात, कारण त्यांची परतीची बस ठरलेली असते. जनता दर्शनासारखे कार्यक्रम होतात, तिथं अर्ज नोंदवून पोच मिळते, ते हवंच, पण ते महिन्यातनं कधीतरी होणार आणि माणसाची अडचण रोजची.

खातं बदललं, मंत्रिपद गेलं किंवा सरकारच पडलं की डायरी बहुतेक पीएच्या घरी जाते आणि नवा माणूस कोऱ्या वहीनं सुरू करतो. बैठकांचे कागद खात्यात मिळतात, पण "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून दिलेली तोंडी कबुली फक्त त्या जुन्या वहीत असते. काही जाणते पीए जाताना अशा राहिलेल्या कामांची नावं, गाव नि फोन नंबरसह वेगळ्या कागदावर उतरवून नव्या माणसाकडं देतात, आणि तो कागद मिळाला तर नव्या पीएनं पहिल्या आठवड्यातच त्या लोकांना फोन लावायला पाहिजेत.