होंडुरासची लष्करी मदत रोखणारं विधेयक: निवेदन नेमकं कुठे अडतं

अमेरिकेत राहून आपल्या काँग्रेसमनला एखाद्या विधेयकाबद्दल निवेदन पाठवणं हे दहा मिनिटांचं काम. तरी ओळखीतल्या कित्येकांची निवेदनं परत आली, नाहीतर कुठे गेली ते कळलंच नाही. मत पटलं नाही म्हणून अडलेलं एकही मी पाहिलं नाही. अडली ती पत्त्यावर आणि विधेयकाच्या नंबरावर.

उदाहरण घेतो बेर्ता कासेरेस विधेयकाचं, कारण त्यात सगळ्या खाचाखोचा एकदम दिसतात. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात ग्वालकार्के नदीवरच्या धरणाला विरोध करणाऱ्या लेंका या आदिवासी समाजाच्या बेर्ता या नेत्या. नर्मदेची लढाई ज्यांनी पाहिली, त्यांना यापुढे काही सांगायला नको. २ मार्च २०१६ च्या रात्री त्यांना राहत्या घरात गोळ्या घातल्या. पुढे ज्यांना शिक्षा झाली त्यांत होंडुरासच्या लष्करातला एक मेजर होता, आणि धरण कंपनीचा प्रमुखही होता, जो वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीत शिकलेला माजी लष्करी अधिकारी निघाला. होंडुरासच्या लष्कराला आणि पोलिसांना मिळणारी अमेरिकी मदत खुनाचा तपास आणि इतर अटी पूर्ण होईपर्यंत थांबवावी, असं हे विधेयक सांगतं.

‘यासाठी लीही कायदा आहेच की,’ असं कुणीतरी म्हणतंच. आहे. पण तो तुकडीपुरता लागू होतो. ज्या तुकडीवर छळ, बेकायदा हत्या अशा गुन्ह्यांची विश्वासार्ह माहिती आहे तिची मदत बंद, शेजारच्या तुकडीची चालू. हे विधेयक सगळ्या दलाबद्दल बोलतं. निवेदनात हा फरक एका वाक्यात लिहा, नाहीतर ‘यासाठी कायदा अस्तित्वात आहे’ असं छापील उत्तर येतं आणि विषय संपतो.

आता नंबर. सगळ्यात जास्त निवेदनं इथे वाया जातात. हे विधेयक २०१६ मध्ये एच. आर. (म्हणजे कनिष्ठ सभागृहाचं विधेयक) ५४७४ होतं, २०१७ मध्ये १२९९, २०१९ मध्ये १९४५ आणि २०२१ मध्ये १५७४. नाव तेच, नंबर चार. कारण काँग्रेस दोन वर्षांची असते. विषम वर्षाच्या ३ जानेवारीला ती संपली की मंजूर न झालेली सगळी विधेयकं मरतात. कुणी नव्याने मांडलं तर नवा नंबर पडतो. लोक मात्र व्हॉट्सॲपवर फिरणारा तीन वर्षांपूर्वीचा नंबर टाकतात आणि ‘को-स्पॉन्सर व्हा’, म्हणजे विधेयकाला आपलं नाव जोडा, म्हणतात. मेलेल्या विधेयकाचा को-स्पॉन्सर कोण होणार? ज्या दिवशी निवेदन पाठवणार, त्याच दिवशी काँग्रेसच्या विधेयकांच्या सरकारी संकेतस्थळावर नाव टाकून चालू काँग्रेसमध्ये ते मांडलंय का, ते पाहा. आणि एच. आर. नंबर सिनेटरला देऊ नका, तिथे विधेयक असलंच तर त्याला वेगळा नंबर असतो.

पात्रता एकच: त्या मतदारसंघात राहणं. नागरिकत्व लागत नाही. ग्रीन कार्डवाले, एच-वनवाले, अगदी विद्यार्थीही तिथले रहिवासी म्हणून लिहू शकतात. अडचण झिपची आहे. एकच पाच आकडी झिप कोड दोन मतदारसंघांत विभागलेला असू शकतो, म्हणून फॉर्म पुढचे चार आकडेही मागतो. ते कुणालाच पाठ नसतात. घरी आलेल्या विजेच्या बिलावर पत्त्याखाली बघा, बहुधा तिथे असतात. शिवाय २०२० च्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. ‘आमचा काँग्रेसमन तोच’ असं गृहीत धरून मागच्याच माणसाला लिहिणारे अजून भेटतात. दुसऱ्याच्या मतदारसंघातून आलेला फॉर्म बहुतेक संकेतस्थळं स्वीकारतच नाहीत.

कागदपत्रं? एकही नको. हे जोर देऊन सांगतोय, कारण आपल्याकडच्या सवयीने लोक पासपोर्ट, व्हिसाचं पान, एकदा तर सोशल सिक्युरिटी कार्डाची झेरॉक्सही जोडायला निघाले होते. व्हिसा अडकला म्हणून काँग्रेसमनची मदत मागताना एक सहीचा संमतीपत्राचा फॉर्म लागतो, ते प्रकरण वेगळं. मत कळवायला फक्त नाव, पत्ता, ईमेल. विषयाच्या यादीत ‘परराष्ट्र धोरण’ निवडा. ‘लष्कर’ दिसलं म्हणून ‘माजी सैनिक’ निवडलंत तर पत्र पेन्शनवाल्या टेबलावर जाऊन पडेल.

टपालाने पाठवायचा हट्ट सोडा. २००१ च्या अँथ्रॅक्स हल्ल्यांनंतर काँग्रेसला जाणारं टपाल आधी बाहेर तपासलं जातं, किरणोत्सर्गातून काढलं जातं, त्यात आठवडे जातात.

एक इशारा मात्र नीट वाचा. प्रतिनिधीची दोन संकेतस्थळं असतात, एक सरकारी आणि एक प्रचाराचं. गुगलवर कधीकधी प्रचाराचं आधी येतं आणि तिथे देणगीचं बटण मोठ्ठं असतं. एच-वनवाल्याने पाच डॉलरचीही देणगी दिली तरी ते बेकायदा आहे. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. पत्ता ‘हाऊस डॉट जीओव्ही’ने संपतोय ना, हे बघूनच टाइप करायला लागा.

मंडळाच्या लेटरहेडवर पाठवायचं असेल तर खजिनदाराला आधी विचारा. ५०१ (सी) (३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेला विधेयकाबद्दल बोलता येतं, पण बेताने. ५७६८ नंबरचा फॉर्म भरून ठेवला असेल तर मर्यादा स्पष्ट असते, पहिल्या पाच लाख डॉलर खर्चावर २० टक्के. उमेदवाराला पाठिंबा मात्र कधीच नाही.

मुदत म्हणाल तर विधेयकावरच्या निवेदनाला ठरावीक तारीख नसते, पण अर्थसंकल्पाला असते. मदतीवर खरी गाठ बऱ्याचदा तिथेच पडते. इजिप्तच्या वार्षिक १.३ अब्ज डॉलरच्या लष्करी मदतीतले ३२ कोटी २०२३ साली मानवी हक्कांच्या अटींना बांधले गेले, ते अशाच खर्चाच्या कायद्यातून. खर्चाच्या कायद्यात अमुक अट घाला अशा मागण्या काँग्रेसमनची कार्यालयं वसंतात घेतात आणि प्रत्येक कार्यालयाची तारीख वेगळी असते. खर्चाचा कायदा लिहिणाऱ्या समितीची छापील तारीख पाहून निवांत बसू नका. तुमच्या काँग्रेसमनचं कार्यालय त्याच्या कितीतरी आधी खिडकी बंद करतं.

दोन-तीन आठवड्यांनी गोलमोल उत्तर येईल. मग स्थानिक कार्यालयात फोन करा. पलीकडे बहुधा विशीतला इंटर्न असतो. तो दोनच गोष्टी विचारतो, झिप कोड आणि विधेयकाचा नंबर. कागदावर लिहून समोर ठेवा.