ज्वारीच्या मुलखातला पेलाग्रा

जीवनसत्त्वाची कमतरता म्हटलं की रातांधळेपणा किंवा मुडदूस आठवतो. सोलापूरकरांनी मात्र पेलाग्राही ओळखायला हवा. हा नायसिनच्या, म्हणजे ब-3 च्या अभावाचा आजार.

स्पेनमध्ये 1735 साली गास्पार कासाल यांनी मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो पहिल्यांदा टिपला. गळ्याभोवती उमटणाऱ्या काळपट पट्ट्याला आजही त्यांचंच नाव आहे. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे, हे अमेरिकेत 1914 पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं. 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांना त्यावरचा उतारा, निकोटिनिक ॲसिड म्हणजेच नायसिन, सापडला.

दख्खनच्या पठारावर हाच आजार ज्वारी खाणाऱ्यांत दिसे. ज्वारीत ट्रिप्टोफॅन हा प्रथिनांतला घटक मक्याइतका कमी नसतो, मग असं का? सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये हैदराबादहून ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिन या प्रथिनांतल्याच दुसऱ्या घटकाकडे बोट दाखवलं: ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसिन बनवतं, त्यात ल्युसिन अडथळा आणतं. यावर पुढे बरेच मतभेद झाले. मालदांडी ज्वारीला बोल लावायचं मात्र कारण नाही. खरा दोष नुसत्या भाकरीवर आणि मीठ-मिरचीवर दिवस काढावे लागण्याचा. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 12 मिलिग्रॅम नायसिन असतं आणि मोठ्या माणसाची रोजची गरज 11 ते 16 मिलिग्रॅम. म्हणजे भाकरीसोबतची शेंगा चटणी नुसती चवीपुरती नाही.

ओळखायचं कसं? दोन्ही हात शेजारी ठेवून पाहा. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर, म्हणजे मनगटापुढे, पावलांवर, मानेवर, दोन्हीकडे सारखेच डाग असतात. आधी उन्हाने भाजल्यासारखी लाली आणि आग, मग काळी, खरखरीत, सोलणारी कातडी. बाहीखाली डाग रेघ मारल्यासारखा थांबतो. गजकर्ण सहसा असं जोडीने येत नाही. तरीही गजकर्ण समजून मेडिकलमधली ट्यूब चोळत राहतात आणि वेळ जातो. जीभ लाल होऊन झोंबणं, जुलाब, झोप उडणं, चिडचिड, विसरभोळेपणा ही पुढची लक्षणं. उपचार न झाल्यास आजार जिवावर बेततो.

डॉक्टर सहसा निकोटिनामाइड, म्हणजे नायसिनचंच एक रूप, दिवसाला 300 मिलिग्रॅम, विभागून, तीन-चार आठवडे देतात. सोबत इतर ब जीवनसत्त्वंही, कारण उणीव क्वचितच एकटी असते. तोंडाची आग काही दिवसांत शमते, कातडीला आठवडे लागतात.

आता कारणं बदलली आहेत. रोजची दारू हे त्यातलं मोठं. टीबीवरच्या आयसोनियाझिड या औषधामुळे ब-6 घटतं आणि नायसिन बनणं अडतं. अशा रुग्णाने गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. हात-मान दाखवून डॉक्टरांना ब जीवनसत्त्वांबद्दल विचारावं.