सवेतन शिकाऊ उमेदवारी

एखाद्या आस्थापनेत ठरावीक मुदतीच्या लेखी कराराने काम करीत, त्या काळात वेतन किंवा विद्यावेतन घेत व्यवसाय शिकणे आणि अखेरीस परीक्षा देऊन त्या व्यवसायाची मान्यताप्राप्त पात्रता मिळवणे, या पद्धतीस सवेतन शिकाऊ उमेदवारी म्हणतात. आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि परिवीक्षा (प्रोबेशन) यांच्याशी तिची गल्लत होते. मात्र आंतरवासितेनंतर अनुभवाचे पत्र मिळते, परिवीक्षेनंतर नोकरी कायम होते आणि उमेदवारीनंतर मिळते ती पात्रता दुसऱ्या मालकाकडेही तितकीच चालते. हा फरक मूलभूत आहे. पात्रता नसेल तर उमेदवारी आणि स्वस्त मजुरी यांत भेद करणे कठीण होते.

शिकवण्याचे दायित्व कायद्याने बांधण्याची कल्पना फार जुनी आहे. इ. स. पू. अठराव्या शतकातील बॅबिलोनचा राजा हामुराबी याच्या संहितेत, म्हणजे कायद्यांच्या संग्रहात, असा नियम आढळतो की, कारागिराने सांभाळायला घेतलेल्या मुलास आपली कला शिकवली, तर त्या मुलास परत मागता येणार नाही. न शिकवल्यास मात्र तो आपल्या पित्याच्या घरी परत जाऊ शकेल. मध्ययुगीन यूरोपातील कारागीर संघांनी शिकाऊ, कसबी कारागीर आणि उस्ताद अशा पायऱ्या ठरवल्या. शिकाऊ मुलगा उस्तादाच्या घरीच राही. त्याला अन्न, वस्त्र आणि निवारा मिळे, रोख वेतन सहसा मिळत नसे, उलट पुष्कळदा त्याच्या पालकांनाच उस्तादाला रक्कम द्यावी लागे. करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहून मधोमध दातेरी कापला जाई आणि पुढे वाद उद्भवल्यास दोन्ही तुकड्यांचे दाते जुळवून पाहता येत. अशा करारपत्राचे इंग्रजीतील ‘इंडेंचर’ हे नाव त्या दात्यांवरूनच आले. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली व ही सक्ती १८१४ मध्ये उठली. तत्पूर्वी, १७७६ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी या दीर्घ मुदतीवर टीका करताना म्हटले होते की, शिकाऊ मुलास त्याच्या हातून होईल तेवढ्या थोड्या कामाचा मोबदला पहिल्यापासून मिळाला आणि वाया गेलेल्या मालाची भरपाई त्याच्याकडून घेतली गेली, तर तो अधिक लक्ष देऊन शिकेल. आजच्या सवेतन पद्धतीमागील विचाराचे बीज या मुद्द्यात स्पष्ट दिसते.

वेतन प्रथम कमी आणि वर्षागणिक चढते असते. याचे कारण सरळ आहे: आरंभी शिकाऊ उमेदवारावर अनुभवी कामगाराचा वेळ आणि साहित्य खर्च होते, तर शेवटच्या वर्षात तो जवळजवळ पूर्ण कारागिराइतके काम उरकतो. जर्मनीत १ जानेवारी २०२० पासून किमान प्रशिक्षण वेतन लागू झाले. त्या वर्षी करार करणाऱ्यांसाठी ते पहिल्या वर्षी दरमहा ५१५ यूरो होते आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या रकमेवर अनुक्रमे १८, ३५ आणि ४० टक्के वाढ ठरवली होती.

जर्मनीची दुहेरी पद्धती या विषयात सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यावर ती उभी आहे. उमेदवार आठवड्याचे साधारण तीन-चार दिवस कामाच्या ठिकाणी आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो. मुदत बहुधा तीन ते साडेतीन वर्षांची असते. तिचे खरे बळ मात्र परीक्षेत आहे. अंतिम परीक्षा उद्योग किंवा कारागीर मंडळाने नेमलेली समिती घेते आणि तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्य असून व्यवसाय शाळेचा शिक्षकही असतो. ज्याने शिकवले आणि ज्याला कामाचा फायदा झाला, तो मालक एकट्याने निकाल देऊ शकत नाही. म्हणूनच त्या प्रमाणपत्रावर परक्या मालकाचाही विश्वास बसतो. स्वित्झर्लंडमध्ये दोन वर्षांची आणि तीन किंवा चार वर्षांची अशा दोन पातळ्यांची संघीय पात्रता असून, व्यावसायिक मॅट्रिक (व्यवसाय शिक्षणाला जोडलेली उच्च शिक्षणप्रवेशाची परीक्षा) उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास उपयोजित विज्ञानांच्या उच्च शिक्षणसंस्थांचे दार उघडते.

भारतात हा विषय शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कक्षेत येतो. नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री अशा व्यवसायांतील उमेदवारास विद्यावेतन मिळते आणि परीक्षेनंतर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र दिले जाते. अधिनियमानुसार तो कामगार नव्हे तर प्रशिक्षणार्थी ठरतो, त्यामुळे कामगारविषयक कायदे त्याला सरसकट लागू होत नाहीत. तथापि त्याचे आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांविषयी तरतुदी आहेत. मुदत संपल्यावर, करारात तशी अट नसेल तर, त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही.

उमेदवाराकडून केवळ झाडलोट, सामानाची ने-आण किंवा एकच यांत्रिक क्रिया वर्षभर करवून घेणे, हा या पद्धतीतील सर्वांत जुना गैरप्रकार होय. कोणते कौशल्य कोणत्या टप्प्यावर शिकवायचे याचा लेखी आराखडा, उमेदवाराने नियमित भरलेली आणि प्रशिक्षकाने तपासलेली कामाची नोंदवही आणि बाहेरच्या यंत्रणेची पाहणी हे त्यावरचे प्रचलित उपाय आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ मध्ये दर्जेदार शिकाऊ उमेदवारीविषयी शिफारस क्रमांक २०८ स्वीकारली. लेखी करार, पुरेसा मोबदला, सामाजिक संरक्षण आणि मान्य पात्रता यांचा तीत आग्रह आहे. करार मुदतीपूर्वी मोडण्याचे प्रमाणही दुर्लक्षिण्याजोगे नाही, परंतु असा प्रत्येक करार म्हणजे सोडून दिलेले शिक्षण नव्हे, कारण कित्येक उमेदवार दुसऱ्या आस्थापनेत किंवा दुसऱ्या व्यवसायात नवा करार करून पात्रता पूर्ण करतात.