जॉब शेड्युलर (संगणक क्लस्टर)

जॉब शेड्युलर म्हणजे क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहातल्या) कोणत्या नोडवर, म्हणजे संगणकावर, कोणाचे काम कधी चालेल, हे ठरवणारे सॉफ्टवेअर. वापरकर्ता लॉगिन नोडवर (प्रवेशासाठीच्या संगणकावर) येतो, प्रोसेसरचे किती कोअर, किती मेमरी आणि किती वेळ हवा ते छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहितो आणि काम रांगेत टाकतो.

‘स्लर्म’ या शेड्युलरमध्ये काम ‘एसबॅच’ या आज्ञेने टाकतात, रांग ‘एसक्यू’ने पाहतात. चालू कामापुढे ‘आर’ दिसते, खोळंबलेल्यापुढे ‘पीडी’. नवखे लोक दोन तासांच्या कामाला बिनधास्त दोन दिवस मागतात आणि मग आपलाच नंबर का लागत नाही म्हणून कुरकुरतात. समजा, 10 पैकी 6 नोड मोकळे आहेत आणि रांगेतल्या पहिल्या कामाला 8 हवेत. तेवढे मिळायला अजून तीन तास आहेत. मधल्या वेळात शेड्युलर मागचे दोन तासांचे काम त्या फटीत बसवतो, पहिल्याला त्याची झळ लागत नाही. याला बॅकफिल म्हणतात. दोन दिवस लिहिणाऱ्याला ही फट मिळत नाही. उलट वेळ फारच कमी लिहिली, तर मुदत संपताच काम अर्ध्यावर मारले जाते.

शेड्युलर विकतचा की मुक्त, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत आले आहे. सन मायक्रोसिस्टम्सने 2000 मध्ये ग्रिडवेअर ही कंपनी घेतली आणि पुढल्याच वर्षी ग्रिड इंजिन या तिच्या शेड्युलरचा सोर्स कोड खुला केला. 2010 मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि तो खुलेपणा आटला. जुन्या कोडवरून इतरांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. पीबीएस या शेड्युलरचा प्रवास वेगळा. नासाच्या एम्स केंद्रासाठी 1990च्या दशकात तो लिहिला गेला, 2003 मध्ये अल्टेअरच्या हाती आला आणि 2016 मध्ये त्याच कंपनीने त्याचा कोड खुला केला. प्लॅटफॉर्म कॉम्प्युटिंग या कंपनीचा एलएसएफ हा शेड्युलर 2012 पासून आयबीएमकडे आहे.

स्लर्म अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झाला. त्याचा परवाना जीपीएल, म्हणजे कोड वाचा, बदला, वाटा. पण मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे: रात्री रांग अडकली तर ती सोडवणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो, नाहीतर सपोर्ट विकत घ्यावा लागतो. मूळ विकासकांनी 2010 मध्ये स्केडएमडी ही कंपनी काढली ती असा सपोर्ट देण्यासाठीच. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावरही कामे स्लर्ममधूनच जातात.

शेड्युलर मुक्त असला तरी त्यावर चालणारे सिम्युलेशन सॉफ्टवेअर अनेकदा विकतचे असते आणि त्याचे परवाने मोजके. म्हणून स्लर्ममध्ये परवान्यांचीही गणती ठेवता येते. नोड रिकामे दिसत असूनही काम ‘पीडी’तच राहिले, तर एकदा तिकडेही पाहावे.