रिचर्ड मोर नेमका कोणाचा मुलगा?

अमेरिकेत आपले घराणे 1620 च्या मेफ्लॉवर जहाजापर्यंत, म्हणजे इंग्लंडहून वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या जहाजापर्यंत, नेऊन भिडवणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांतले काही जण ज्याला मूळपुरुष मानतात, तो रिचर्ड मोर जहाजावर चढला तेव्हा पाच वर्षांचा होता. सोबत एलन, जॅस्पर आणि मेरी ही भावंडे, पण आईबाप नाहीत. प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने पुढे प्रवाशांची यादी केली. तीत रिचर्डबरोबर 'त्याचा एक भाऊ' असे लिहिले आहे; खरे तर ती मेरी होती. लंडनमधली बेवारस पोरे असावीत, असाच बराच काळ समज होता.

उलगडा झाला तो 1959 मध्ये. वंशावळींचे अभ्यासक अँथनी वॅग्नर यांच्या सांगण्यावरून मोर घराण्याचे वंशज जॅस्पर मोर (जहाजावरचा जॅस्पर वेगळा) यांनी इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या घरचे जुने कागद चाळले, तेव्हा 1622 ची एक कैफियत हाती लागली. ती सॅम्युएल मोर या त्यांच्याच पूर्वजाची होती.

सगळ्याच्या मुळाशी होती जमीन. लार्डनच्या मोर घराण्याला मुलगा उरला नव्हता, मुलगी कॅथरिन तेवढी होती. मालमत्ता घरातच राहावी म्हणून 1611 मध्ये नात्यातल्याच, लिन्लीच्या सॅम्युएलशी तिचे लग्न लावले. तो जेमतेम सतरा वर्षांचा, ती त्याच्याहून मोठी. पुढच्या पाच वर्षांत चार मुले झाली. रिचर्डचा बाप्तिस्मा शिप्टनच्या चर्चमध्ये 13 नोव्हेंबर 1614 रोजी नोंदला आहे. सॅम्युएल मात्र लॉर्ड झूश या उमरावाचा चिटणीस म्हणून बहुतेक काळ घराबाहेरच असे. मुलांचे चेहरे शेजारच्या जेकब ब्लेकवेसारखे दिसतात म्हणून त्याने 1616 मध्ये बायकोवर व्यभिचाराचा आरोप केला आणि मुलांचा वारसाहक्क तोडला. कॅथरिनने आरोप नाकारला नाही. ब्लेकवेशी आपले वचन आधीच झाले होते, साक्षीदारांनिशी ते सिद्ध करता येत नाही, पण देवासमोर ते लग्नच, असे तिचे म्हणणे. कोर्टाला देवासमोरचे वचन पुरेसे नव्हते.

मुलांना आईपासून काढून जमीन कसणाऱ्या कुळांकडे ठेवले. ती तिथे वारंवार येऊन भांडे, मुले ओढून नेऊ पाही. कैफियतीत हे तिच्या आक्रस्ताळेपणाचा पुरावा म्हणून दिले आहे. मला तर त्या साऱ्या कागदात तेवढाच भाग माणसांचा वाटतो.

1620 च्या उन्हाळ्यात तिचा शेवटचा दावा फेटाळला गेला आणि मुले लगेच लंडनला धाडली गेली. सॅम्युएलने एकंदर शंभर पौंड मोजले. करार असा, की सात वर्षे त्यांना अन्नवस्त्र मिळेल आणि नंतर प्रत्येकी पन्नास एकर जमीन. मेफ्लॉवरच्याच प्रवाशांपैकी एडवर्ड विन्स्लोच्या पदरी एलन, जॉन कार्व्हरच्या पदरी जॅस्पर आणि विल्यम ब्रूस्टरच्या पदरी धाकटी दोघे पडली. जॅस्पर अमेरिकेच्या किनाऱ्यावर, केप कॉडला, जहाजावरच वारला. दोघी बहिणींनाही पहिला हिवाळा निभावला नाही. त्या हिवाळ्यात निम्मे प्रवासी दगावले.

रिचर्ड तगला. 1636 मध्ये त्याने ख्रिश्चन हंटरशी लग्न केले, मग मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला जाऊन जहाजाचा कप्तान झाला आणि व्हर्जिनिया, वेस्ट इंडीजपर्यंत व्यापार करू लागला. 1645 मध्ये, सेलमची बायको हयात असताना, लंडनजवळच्या स्टेपनीच्या चर्चमध्ये एलिझाबेथ वूल्नोशी त्याचे आणखी एक लग्न नोंदले गेले. म्हातारपणी परस्त्रीशी संबंधांवरून सेलमच्या चर्चने त्याला बाहेर काढले आणि पश्चात्तापानंतर 1691 मध्ये परत घेतले. घराण्याच्या सोवळेपणाची हौस असणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते.

या वंशजांना मिरवायला आणखी एक गोष्ट मिळाली: इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्यापर्यंत जाणारी वंशरेषा. ती सॅम्युएलकडून येत नाही, कॅथरिनकडून येते. बाप सॅम्युएल की ब्लेकवे, याने तिला काहीच फरक पडत नाही.

सेलममध्ये चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीत रिचर्डचा मूळ दगड अजून उभा आहे. मेफ्लॉवरच्या दुसऱ्या कोणा प्रवाशाचा असा दगड उरलेला नाही. त्यावर वय 84 आहे आणि '1692' व 'मेफ्लॉवर' हे मागाहून कोरलेले आहे. पण 1694 मध्ये तो जिवंत असल्याचा पुरावा आहे, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून हिशेब केला तर 84 हे वयही जुळत नाही.