राब

राब : भाताची रोपे वाढवण्यासाठी ठरवलेल्या जागेवर शेण, झाडांचा टाहळ (पाल्यासह छाटलेल्या डहाळ्या), गवत व पातेरा (वाळलेला पालापाचोळा) पसरून पावसाळ्याआधी ती जागा भाजण्याची पद्धत. पसरलेल्या साहित्याला राब म्हणतात आणि भाजलेल्या जागेलाही. उसाच्या रसापासून होणाऱ्या राबेशी हिचा संबंध नाही. ठाणे, पालघर, रायगड, नाशिकचा पश्चिम भाग, मावळ, मुळशी व अकोले या जास्त पावसाच्या पट्ट्यात ती विशेष रूढ असून नाचणी व वरीची रोपेही अशीच करतात.

व्युत्पत्ती निश्चित नाही. ‘राबणे’ या क्रियापदाशी नाते जोडण्याचा मोह होतो. ज्याने कवळाचे (तोडलेल्या टाहळाचे) भारे डोक्यावरून उतरवले आहेत त्याला ते पटेलही, पण सिद्ध मानता येत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत हा शब्द आढळतो. पद्धत अर्थातच त्याहून जुनी असावी. डोंगरउतारावरील फिरत्या शेतीचा (कुमरी, दळी) हा उरलेला अवशेष, असा एक तर्क करता येतो. मात्र उत्तर कोकणात दळी आणि खाचरातील भात शेजारी शेजारी नांदत होते. त्यामुळे एकीतून दुसरी निघाली असे म्हणण्यापेक्षा आगीचे एकच ज्ञान दोन्हीकडे वापरले गेले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

टाहळ हिवाळ्यात तोडतात. ऐन हे त्यासाठी पसंतीचे झाड. वर्षानुवर्षे छाटलेले ऐन खांबासारखे दिसतात. दाढीच्या (रोपे वाढवण्याच्या) जागेवर शेणाचा थर, त्यावर टाहळ, मग गवत-पातेरा आणि आग भडकू नये, धुमसत राहावी म्हणून वर मातीचा पातळ थर देतात. भाजणी चैत्र-वैशाखात होते. सामान्यतः एक हेक्टर लावणीला सुमारे १० आर दाढ लागते, म्हणजे भाजायची जमीन थोडी असते; ती भाजायला लागणारा पाला मात्र कितीतरी मोठ्या क्षेत्रावरून येतो. खाचरांलगतची वरकस (उताराची, हलकी) जमीन यासाठीच राखलेली असे. ती अपुरी पडली की शेतकरी रानात जाई.

वाद येथूनच सुरू होतो. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव वनांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि टाहळ तोडण्यावर निर्बंध आले. ठाणे-कुलाब्यातील (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) तक्रारींच्या पार्श्वभूमीवर १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८८७ चा. राब हा त्याच्यापुढील एक प्रमुख प्रश्न होता. छाटणीने झाड खुरटते आणि इमारती लाकूड हाती लागत नाही, ही वनखात्याची बाजू. त्याच झाडाचा टाहळ पुन्हा पुन्हा घ्यायचा असल्याने आम्ही ते मारत नाही, ही शेतकऱ्याची.

निकाल एका रासायनिक प्रश्नावर अडला : राबाचा गुण राखेचा की आचेचा? राखेचा असेल, तर बाहेरून खत देऊन जंगल मोकळे करता येईल. आचेचा असेल, तर जळण लागणारच. ब्रिटिश कृषिरसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्या १८९३ च्या भारतीय शेतीवरील अहवालात राबाची चर्चा आहे. पुढे हॅरल्ड मान, जोशी व कानिटकर यांनी १९१२ मध्ये पश्चिम भारतातील राब पद्धतीवर स्वतंत्र प्रबंधिका प्रसिद्ध केली. तापलेल्या मातीत काय बदल होतात, हा तिचा महत्त्वाचा विषय. त्याआधी १९०९ मध्ये इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रात रसेल व हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीत काही काळानंतर जीवाणू व अमोनिया वाढतात असे दाखवले होते. जीवाणू खाणारे आदिजीव (एकपेशीय सूक्ष्मजीव) मरतात म्हणून हे घडते, हे त्यांचे स्पष्टीकरण पुढे मागे पडले. निरीक्षण मात्र टिकले. शेतकरी स्वतः निराळी कारणे देतो : तण मरते, माती भुसभुशीत होते, रोप मुळासकट सहज उपटते. केवळ राखेने या तिन्हींचा उलगडा होत नाही, म्हणून आचेची बाजू अधिक भक्कम दिसते.

तरीही पर्याय बहुतांशी राखेच्याच बाजूने शोधले गेले. कृषिशास्त्रज्ञ ना. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. तिच्यातून सिलिका मिळते. हिरवळीच्या खतासाठी बांधावर गिरिपुष्प लावतात, त्यामुळे पाला शेताजवळच तयार होतो. तण काढण्याचे काम मात्र उरते.

खाजगी वने संपादन करणारा महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा आल्यावर कोकणातील अनेक मालकी रानांचे स्वरूप बदलले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर (इमारती लाकडाखेरीज रानातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य वस्तूंवर) हक्क दिले असून सामूहिक दाव्यांत ग्रामसभेला रानाच्या व्यवस्थापनाचा अधिकार मिळतो. कोणत्या उतारावरून किती टाहळ घ्यायचा आणि कोणते ऐन यंदा सोडून द्यायचे, हे अशा गावांत ग्रामसभेला ठरवता येते.